शिक्षा संपते, नोंद उरते
अमेरिकेत शिक्षा भोगून आलेल्यांच्या नोकरीचा आणि व्यवसाय-परवान्याचा प्रश्न: एक आढावा

अमेरिकेत नोकरीचा अर्ज भरताना नाव, पत्ता, शिक्षण झाले की खाली एक प्रश्न असायचा: तुम्हाला कधी फेलनीबद्दल शिक्षा झाली आहे का? पुढे दोन चौकटी, ‘हो’ आणि ‘नाही’. ‘हो’वर खूण केली की अर्ज बहुधा तिथेच बाजूला पडे. ‘नाही’वर खोटी खूण केली आणि पुढे उघडकीला आली, तर खोटी माहिती दिली म्हणून लागलेली नोकरी जाई. अनेक ठिकाणी आजही हेच चालते.

फेलनी म्हणजे ढोबळमानाने एक वर्षाहून अधिक तुरुंगवास होऊ शकेल असा गुन्हा. खून, बलात्कार, दरोडा त्यात येतात. अमली पदार्थ विकण्यासाठी जवळ बाळगणे किंवा ठरावीक रकमेवरची चोरी हेही त्यातच येते. शब्द एक, पण त्याखाली येणारी माणसे एकमेकांपासून फार दूरची. या विषयातल्या बऱ्याच गोंधळाचे मूळ इथे आहे, असे मला वाटते. समाजशास्त्रज्ञ सारा शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार २०१० मध्ये अमेरिकेतल्या प्रौढांपैकी सुमारे ८ टक्के लोकांच्या, म्हणजे जवळजवळ १.९ कोटी माणसांच्या नावावर फेलनीची शिक्षा होती. कृष्णवर्णीय पुरुषांत हे प्रमाण ३३ टक्के होते. एखाद्या समाजातल्या तीन पुरुषांपैकी एकाच्या नावापुढे ही नोंद असेल, तर तो प्रश्न तुरुंगाच्या दारापुरता उरत नाही. घरभाडे कोण भरणार, मुलांना कोण वाढवणार, इथपर्यंत तो जातो.

‘चांगले चारित्र्य’

न्यूयॉर्कमधल्या एका डॉक्टरला १८७८ मध्ये गर्भपात केल्याबद्दल शिक्षा झाली. त्याने ती भोगली आणि पुन्हा दवाखाना सुरू केला. त्यानंतर १८९३ मध्ये राज्याने कायदा केला: फेलनीची शिक्षा झालेल्याने वैद्यकी केली तर तोच गुन्हा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८९८ च्या ‘हॉकर विरुद्ध न्यूयॉर्क’ या निकालात बहुमताने म्हटले की ही नवी शिक्षा नाही, हा व्यवसायासाठीच्या पात्रतेचा निकष आहे आणि जुनी शिक्षा वाईट चारित्र्याचा पुरावा मानायला राज्य मोकळे आहे. न्यायमूर्ती हार्लन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी असहमती नोंदवली. त्यांच्या मते भोगून झालेल्या गुन्ह्यावर मागाहून लादलेली ही जादा शिक्षाच होती. सव्वाशे वर्षे उलटली तरी वाद याच दोन मतांभोवती फिरतो आहे.

पुढचा टप्पा १९५७ चा. न्यू मेक्सिकोत वकिलीचा परवाना नाकारल्या गेलेल्या एका अर्जदाराच्या खटल्यात (‘श्वेअर’ निकाल) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परवान्याच्या अटीचा त्या व्यवसायासाठीच्या योग्यतेशी तर्काला पटणारा संबंध हवा. त्याला शिक्षा झालेली नव्हती. जुन्या अटका आणि कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व त्याच्या आड आले होते. तत्त्व चांगले होते, पण ‘तर्काला पटणारा संबंध’ ही इतकी सैल कसोटी की परवाना देणाऱ्या मंडळांनी दिलेले जवळपास कोणतेही कारण तिच्यात बसे.

दरम्यान परवान्यांचा व्याप वाढत गेला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पाच टक्क्यांहून कमी कामगारांना राज्याचा परवाना लागे. २०१५ मध्ये व्हाइट हाउसने काढलेल्या अहवालानुसार हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या वर गेले होते. डॉक्टर-वकिलांसाठीची ‘चांगल्या नैतिक चारित्र्या’ची अट केस कापणारे, रुग्णवाहिकेवर काम करणारे यांच्या कायद्यांतही उतरली. त्यातच नोंदी संगणकावर आल्या. पूर्वी न्यायालयाच्या तळघरातल्या फायलीत पडून असलेला कागद आता कोणीही काही डॉलर मोजून मिनिटांत मिळवू शकतो. शिक्षेमुळे नोकरी, परवाना, घर, मतदान यांवर येणाऱ्या कायदेशीर बंधनांची राष्ट्रीय यादी अमेरिकन बार असोसिएशनने केली, तेव्हा ती ४० हजारांच्या पुढे गेली.

या कायद्यांतला आणखी एक शब्द मराठी वाचकाला सरकारी फॉर्मवरून ओळखीचा आहे: ‘नैतिक अधःपतन’. अमेरिकेच्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात तो १८९१ पासून आहे, आणि तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही लागू होतो. भारतात १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम २४-अ नुसार अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला वकिलीची सनद मिळत नाही. पण सुटकेला दोन वर्षे झाली की ही अपात्रता संपते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिललाही तीच तरतूद लागू आहे. बंदीला शेवट असावा की नाही, या अमेरिकी वादात ही दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शिक्क्याची किंमत किती?

नोंदीमुळे नोकरी मिळत नाही हे सर्वांना ठाऊक होते, मोजलेले मात्र फारसे कोणी नव्हते. २००१ मध्ये डेवा पेजर या तरुण संशोधिकेने मिलवॉकी शहरात चार युवकांना, दोन गोऱ्या आणि दोन कृष्णवर्णीय, ३५० मालकांकडे प्रत्यक्ष अर्ज करायला पाठवले. शिक्षण, अनुभव, बोलणे सारखे. प्रत्येक जोडीतला एक जण आळीपाळीने सांगे की कोकेन विकण्यासाठी बाळगल्याबद्दल आपण १८ महिने तुरुंगात होतो. नोंद नसलेल्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्याला १७ टक्के. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ टक्के, नोंद असलेल्याला ५.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने चर्चेची दिशा बदलली. तुरुंगातून आलेल्या गोऱ्या मुलाला कधीही तुरुंग न पाहिलेल्या काळ्या मुलाहून जास्त बोलावणी यावीत, हा आकडा वाचून मन सुन्न होते. पेजर २०१८ मध्ये, वयाच्या अवघ्या ४६व्या वर्षी गेल्या. त्यांनी घालून दिलेली पद्धत मात्र या विषयातली मुख्य वाट झाली.

मालकांचे म्हणणे

मालकांची बाजू नुसती ‘पूर्वग्रह’ म्हणून झटकणे अन्यायाचे होईल. अमेरिकी कायद्यात निष्काळजीपणे नोकरभरती केल्याबद्दल मालकावर दावा होऊ शकतो. घरात शिरून काम करणाऱ्या माणसाने ग्राहकाला इजा केली आणि त्याच्या मागच्या नोंदीवरून धोका दिसण्याजोगा होता हे सिद्ध झाले, तर भरपाई कंपनी देते. वृद्धाश्रमात, पाळणाघरात किंवा अपंगांच्या वाहतुकीत काम देताना मालक घाबरतो, ते उगाच नव्हे. बँकांच्या बाबतीत तर केंद्रीय ठेव विमा कायदाच अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना कामावर घ्यायला आडकाठी करी. आयोवात एका ज्येष्ठ बँक कर्मचाऱ्याला २०१२ मध्ये याच नियमाखाली काढले गेले. त्याने १९६३ मध्ये कपडे धुण्याच्या यंत्रात नाण्याऐवजी पुठ्ठ्याची चकती टाकली होती. असे नियम सैल करणारा कायदा २०२२ मध्ये झाला.

न्यायालयांनी मधली वाट शोधली ती वंशभेदविरोधी कायद्यातून. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला मिसुरी पॅसिफिक रेल्वेने कारकुनाची नोकरी नाकारली. १९७५ च्या ‘ग्रीन’ निकालात न्यायालयाने म्हटले की शिक्षा झालेल्या सर्वांना सरसकट बंदी चालणार नाही; गुन्ह्याचे स्वरूप, उलटलेला काळ आणि कामाचे स्वरूप या तिन्हींचा विचार हवा. समान रोजगार संधी आयोगाने हीच सूत्रे २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सविस्तर मांडली. टेक्सास राज्याने त्यांना आव्हान दिले आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला ती त्या राज्याविरुद्ध वापरण्यास मनाई केली.

कामावर घेतलेली माणसे प्रत्यक्षात कशी निघतात? गुन्ह्याची नोंद असूनही विशेष सवलतीने अमेरिकी सैन्यात घेतलेल्यांचा अभ्यास जेनिफर लुंडक्विस्ट, पेजर आणि एइको स्ट्रेडर यांनी केला. वाईट कामगिरीमुळे बाहेर पडण्याचे त्यांचे प्रमाण इतरांहून जास्त नव्हते आणि फेलनीची सवलत मिळालेल्यांना बढती उलट लवकर मिळाली होती. कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातही नोंद असलेले लोक नोकरी कमी सोडतात असे दिसले. पण विक्रीच्या कामात गैरवर्तनामुळे काढले जाण्याचे त्यांचे प्रमाण जास्त होते. म्हणजे काम कोणते, यावर उत्तर बदलते.

चौकट काढली, मग काय झाले?

खासगी मालकांनाही सुरुवातीला हा प्रश्न विचारायला बंदी करणारे पहिले राज्य हवाई, १९९८ मध्ये. पण चळवळ झाली ती सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘ऑल ऑफ अस ऑर नन’ या संघटनेमुळे. तुरुंगातून आलेल्या लोकांनी स्वतः उभारलेली ही संघटना, आणि तिची मागणी अगदी साधी: अर्जावरची चौकट काढा. नोंद तपासू नका असे ते म्हणत नव्हते. आधी माणूस पाहा, मग कागद, एवढेच. आज तीसहून अधिक राज्ये आणि दीडशेहून अधिक शहरे-कौंट्या यांनी या ना त्या रूपात हे स्वीकारले आहे. अनेक ठिकाणी फक्त सरकारी नोकरीपुरते. केंद्र सरकार आणि त्याचे कंत्राटदार यांच्यासाठीचा कायदा २०१९ मध्ये झाला, २०२१ च्या डिसेंबरपासून लागू झाला.

आणि इथेच या विषयातला सर्वात अवघड पेच उभा राहिला. अमांडा अगन आणि सोंजा स्टार यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात, कायदा लागू होण्याआधी आणि नंतर, सुमारे १५ हजार काल्पनिक अर्ज ऑनलाइन पाठवले. चौकट असलेल्या कंपन्यांत नोंद नसलेल्यांना ६३ टक्के जास्त बोलावणी येत. तेव्हा चौकट अडथळा होती यात शंका नाही. पण ती काढल्यावर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अर्जदारांतली तफावत ७ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेली. नोंद कळेनाशी झाल्यावर मालक नावावरून वंशाचा आणि वंशावरून गुन्ह्याचा अंदाज बांधू लागले. जेनिफर डोलिअॅक आणि बेंजामिन हॅन्सन यांना देशपातळीवरच्या आकडेवारीत महाविद्यालयीन पदवी नसलेल्या तरुण कृष्णवर्णीय पुरुषांचा रोजगार सुमारे पाच टक्क्यांनी घटलेला आढळला.

यावर तीन मते आहेत. एक गट म्हणतो, माहिती लपवणे हा उपाय उलटतो, कारण माहितीची जागा संशय घेतो. त्यापेक्षा अर्जदाराच्या बाजूची चांगली माहिती, उदाहरणार्थ न्यायालयाचे पुनर्वसन प्रमाणपत्र, मालकापुढे ठेवा. दुसरा गट, यात चळवळीतले लोक आणि कामगार हक्कांच्या संघटना आहेत, म्हणतो की दोष चौकट काढण्याचा नाही, वंशभेदाचा आहे. भेदभावविरोधी कायद्याची अंमलबजावणी करा, चौकट परत आणू नका. तिसरे मत आहे आकडे अधिक बारकाईने पाहणाऱ्यांचे. टेरी-अॅन क्रेगी यांना सरकारी नोकऱ्यांत शिक्षा झालेल्यांना काम मिळण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली, तर सिएटलमधल्या अभ्यासात इव्हान रोझ यांना फारसा परिणामच दिसला नाही. सरकारी कचेरी आणि खासगी दुकान यांना एकच माप लावता येत नाही, एवढे यातून दिसते. मला स्वतःला दुसऱ्या गटाचा नैतिक मुद्दा पटतो. तरीही न पाठवलेल्या बोलावण्यामागचा वंशभेद न्यायालयात सिद्ध करणे किती कठीण आहे, हे ते कमी लेखतात असेही वाटते.

परवान्याचे दार

नोकरीत शंभर मालक असतात. एकाने नाही म्हटले तर दुसऱ्याकडे जाता येते. परवाना देणारे मंडळ एकच. त्याने नाही म्हटले की पूर्ण राज्यात तो व्यवसाय बंद.

कॅलिफोर्नियाचे कैदी १९४० च्या दशकापासून जंगलातले वणवे विझवत आले आहेत. राज्याच्या छावण्यांत त्यांना प्रशिक्षण मिळते, आगीवर असताना रोजच्या जुजबी मजुरीवर तासाला एक डॉलर जास्त मिळे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलीसच्या भोवती घरे जळत होती, तेव्हा असे शेकडो कैदी तिथे राबत होते. सुटल्यावर मात्र ते गावाच्या अग्निशमन दलात जाऊ शकत नसत. बहुतेक दलांना आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र लागे आणि ते प्रमाणपत्र फेलनीमुळे अडे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी सही केलेल्या कायद्याने छावणीत चांगले काम केलेल्यांना नोंद रद्द करून घेण्याचा अर्ज करता येऊ लागला. खून, अपहरण, लैंगिक गुन्हे आणि मुद्दाम आग लावणे यांत शिक्षा झालेले त्यातून वगळले आहेत.

पेनसिल्व्हेनियातले उदाहरण वेगळ्या कारणाने बोलके आहे. तिथे सौंदर्योपचाराच्या परवान्यासाठी ‘चांगले नैतिक चारित्र्य’ लागे. जवळपास तेच काम करणाऱ्या न्हाव्याला ही अट नव्हती. जुन्या शिक्षांमुळे परवाना नाकारलेल्या दोन स्त्रिया न्यायालयात गेल्या आणि २०२० मध्ये राज्याच्या कॉमनवेल्थ न्यायालयाने ही अट राज्यघटनेशी विसंगत ठरवली. त्याच वर्षी राज्याने आपला परवाना कायदाही बदलला.

गेल्या दशकात बहुसंख्य राज्यांनी असे बदल केले, आणि या बाबतीत उदारमतवादी व पुराणमतवादी एकत्र आले, ही अमेरिकेत दुर्मीळ गोष्ट. एकांना दुसरी संधी हवी होती, दुसऱ्यांना बाजारातले सरकारी अडसर कमी हवे होते. बदलांचा साचा सारखा दिसतो: ‘चारित्र्य’ हा मोघम शब्द काढून गुन्ह्याचा व्यवसायाशी थेट संबंध दाखवायला लावणे, नकाराची कारणे लेखी देणे, आणि शिक्षणावर पैसे घालण्याआधीच ‘मला परवाना मिळेल का’ हे मंडळाला विचारण्याची सोय. यातली शेवटची सोय मला सर्वात मोलाची वाटते. कर्ज काढून दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करायचा आणि मग दार बंद असल्याचे कळायचे, यात राज्याचेही भले नाही.

वकिलीत अजून प्रत्येक प्रकरण स्वतंत्र चालते. वॉशिंग्टन राज्यात तारा सिमन्स यांनी तुरुंगवासानंतर कायद्याची पदवी घेतली, पण चारित्र्य तपासणाऱ्या मंडळाने बहुमताने त्यांना परीक्षेला बसू द्यायचे नाकारले. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय फिरवला. २०२० मध्ये त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या.

किती वर्षांनी?

नोंद किती काळ काही सांगते, याचे मोजमाप आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी २००९ मध्ये मांडले. न्यूयॉर्क राज्यात १९८० मध्ये पहिल्यांदा अटक झालेल्यांचा त्यांनी माग घेतला. अठराव्या वर्षी दरोड्यासाठी अटक झालेला तरुण पुढे अटकेविना राहिला, तर सुमारे ७.७ वर्षांनी त्याच्याकडून असलेला धोका त्याच वयाच्या कोणाही माणसाइतका होतो. घरफोडीला हा काळ चार वर्षांहून कमी, गंभीर मारहाणीला त्याहून थोडा जास्त. कायद्यातल्या अनेक बंद्या मात्र जन्मभराच्या आहेत.

म्हणून पुढची मागणी आली ती नोंद मिटवण्याची. मिशिगनमधल्या नोंदींवर जे. जे. प्रेस्कॉट आणि सोंजा स्टार यांनी केलेल्या अभ्यासात नोंद बंद झालेल्यांचे वेतन वर्षभरात सरासरी २२ टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले, पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाणही फार कमी. पण पात्र झाल्यावर पाच वर्षांत ही सोय मिळवणारे फक्त ६.५ टक्के. वकील, फी, फॉर्म, तारखा. ज्याच्याकडे नोकरी नाही त्याच्याकडे हे कुठून येणार? यावरून अर्ज न करता संगणकानेच नोंद बंद करण्याचे कायदे आले. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये सुरुवात केली, मिशिगनमध्ये २०२३ पासून काही फेलनीही दहा वर्षांनी आपोआप बंद होतात.

पण २०२४ मध्ये अगन आणि सहकाऱ्यांनी कराच्या नोंदी तपासून दाखवले की नोंद बंद झाल्याने औपचारिक रोजगारात सरासरी काही फरक पडलेला दिसत नाही. अर्ज करणारे ६.५ टक्के आधीच धडपडे असतील आणि त्यांची वेतनवाढ नोंद मिटण्यापेक्षा त्या धडपडीची असेल, हे एक स्पष्टीकरण. नोकरीबाहेर काढलेली वर्षे नोंद मिटली तरी भरून येत नाहीत, हे दुसरे. खासगी कंपन्यांच्या साठ्यातून बंद झालेली नोंद निघतेच असे नाही, हे तिसरे. कोणते किती खरे, यावर संशोधक अजून एकमताला आलेले नाहीत.

न सुटलेले

धोका कोणी उचलायचा, हा पहिला प्रश्न. केंद्र सरकार १९६६ पासून अशा कामगारांसाठी मालकाला फुकट हमीबंध देते. तो चोरी-अफरातफरीपुरता आहे. झोई कलन, विल डॉबी आणि मिचेल हॉफमन यांनी एका मनुष्यबळ पुरवठा कंपनीच्या ग्राहकांना विचारले, तेव्हा ३९ टक्के धंदेवाले नोंद असलेल्यांना घ्यायला आधीच तयार होते. नुकसानीचा विमा, आधीच्या कामाचा एखादा चांगला शेरा किंवा फक्त गेल्या वर्षाची नोंद तपासणी, यांतले एक दिल्यावर हे प्रमाण निम्म्याच्या वर गेले. माहिती लपवणे आणि माहितीवरून झिडकारणे यांच्या मधली ही जागा आहे, आणि धोरणकर्त्यांनी तिच्याकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही.

दुसरा प्रश्न हिंसक गुन्ह्यांचा. सुधारणांचे बहुतेक कायदे त्यांना वगळतात. राज्यांच्या तुरुंगांत निम्म्याहून अधिक कैदी हिंसक गुन्ह्यांसाठीच आहेत आणि त्यांतले बहुतेक कधी ना कधी बाहेर येणार आहेत. फिलाडेल्फियाच्या वाहतूक प्राधिकरणासाठी अपंगांची गाडी चालवणाऱ्या एका माणसाला चाळीस वर्षांपूर्वीच्या, पंधराव्या वर्षी केलेल्या खुनामुळे काढून टाकले गेले. २००७ मध्ये अपील न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला, पण नाराजीनेच. इतक्या वर्षांनी धोका उरत नाही असे सांगणारा तज्ज्ञ त्या चालकाने आणला असता, तर निकाल वेगळा लागू शकला असता, असे न्यायालयाने सुचवले. ब्लमस्टीन-नाकामुरांचा लेख दोन वर्षांनी आला. त्यांची आकडेमोड दरोडा, घरफोडी आणि मारहाण यांची आहे. पंधराव्या वर्षी खून केलेल्या आणि पंचावन्नाव्या वर्षी गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल ती काही सांगत नाही.